शाळेवर दावा : करार नेमका कोणाशी?

तत्त्वज्ञानात ‘करार’ म्हटलं की हॉब्ज, लॉक, रूसो आठवतात. त्या करारावर कोणाचीच सही नसते. पण हाच शब्द कोर्टात गेला की पहिला प्रश्न येतो, सही कुठे आहे? आज त्यासाठी अमेरिकेतले तीन खटले घेऊ. तिथल्या सरकारी शाळा स्थानिक संस्था चालवतात. बहुतेक ठिकाणी तिला ‘स्कूल डिस्ट्रिक्ट’ म्हणतात. दावा लावायचा तो तिच्यावर.

इंडियाना राज्यात १९२७ साली कायदा झाला. पाच वर्षं नोकरी झालेल्या शिक्षकाशी पुढचा करार झाला, की तो कायम. १९३३ मध्ये विधिमंडळाने टाउनशिपच्या शाळा या कायद्यातून वगळल्या आणि अँडरसन या शिक्षिकेला घरी बसवण्याची नोटीस आली. त्या कोर्टात गेल्या. कराराचं बंधन मोडणारा कायदा राज्याला करता येत नाही, असं अमेरिकेची राज्यघटना सांगते. पण इथे मुळात करार होता का? १९३८ मध्ये सर्वोच्च न्यायालय म्हणालं, होता. न्यायमूर्ती रॉबर्ट्स यांनी चक्क मोजदाद केली. कायद्याच्या पहिल्या कलमात ‘करार’ हा शब्द १० वेळा, दुसऱ्यात ११ वेळा!

आता गंमत पाहा. आदल्याच वर्षी न्यू जर्सीतल्या शिक्षकांच्या पगारकपातीचा खटला याच न्यायमूर्तींपुढे होता. तिथेही शिक्षकांना कायद्याचं संरक्षण होतं. पण तो करार नव्हे, ते विधिमंडळाचं धोरण, आणि धोरण बदलता येतं, असा निकाल त्यांनी लिहिला. शिक्षक तसेच, मंदीही तीच. फरक पडला तो कायद्याच्या शब्दांनी.

मग विद्यार्थ्याचं काय? सॅन फ्रान्सिस्कोत एक मुलगा बारा वर्षं शाळेत गेला, पास होऊन बाहेर पडला. त्याचं म्हणणं होतं, की मला वाचता येतं ते जेमतेम पाचवीच्या मुलाइतकं. त्याने निष्काळजीपणाचा आणि खोटी माहिती दिल्याचा दावा लावला. १९७६ मध्ये कॅलिफोर्नियाच्या अपील न्यायालयाने तो फेटाळला. मूल शिकतं की नाही, हे घर, प्रकृती, मन, परिसर अशा कितीतरी गोष्टींवर अवलंबून असतं. शिकवण्याचं एकच माप कोर्ट कसं ठरवणार? शिवाय असे दावे मान्य केले तर शाळांचा पैसा आणि वेळ कोर्टातच जाईल.

हा युक्तिवाद पोकळ नाही. पण त्याचा परिणाम बघा. शिक्षिकेजवळ करार होता, म्हणून तिचं म्हणणं टिकलं. मूल मात्र शाळेत सही करून जात नाही, कायद्याच्या सक्तीने जातं. म्हणजे ज्याच्यासाठी शाळा काढली, तोच तिच्या करारांच्या बाहेर उभा!

मला वाटतं, इथे करार ही कल्पनाच अपुरी पडते. जो सही करू शकत नाही, त्याचं आपण जास्त देणं लागतो. त्या देण्याला विश्वस्ताचं कर्तव्य म्हणता येईल का, ते पुढच्या वेळी पाहू.