चार आवाजांचे रिव्हॉल्व्हर

शस्त्रांचा इतिहास बहुधा लढाया, सेनापती आणि पेटंटे यांच्या आधारे लिहिला जातो. बिघडलेले शस्त्र ज्याच्या हाती येई, त्या कारागिराला त्यात जागा नसते. पण जुन्या रिव्हॉल्व्हरचा चाप उघडून पाहिला, तर त्या अनामिकाच्या कानशीचे ओरखडे हाच एक दस्तऐवज ठरतो.

अमेरिकेतील कोल्ट कंपनीचे १८७३ चे ‘सिंगल ॲक्शन आर्मी’ रिव्हॉल्व्हर घेऊ. त्याचा घोडा अंगठ्याने मागे ओढावा लागतो. ताणलेला घोडा सोडून देणे एवढेच चापाचे काम. घोडा मागे जाताना चार वेळा ‘खट’ होते. पहिला आवाज सुरक्षेच्या खाचेचा, दुसरा काडतुसे भरण्यासाठीच्या अर्ध्या ताणाचा, तिसरा सिलिंडर रोखणाऱ्या खिटीचा आणि चौथा पूर्ण ताणाचा. म्हणून जाणकार कारागीर आधी ऐकतो, मग उघडतो. पहिला आवाज हरवला, तर खाच तुटल्याचा संशय. चाप ढिला लोंबू लागला, तर दोष दोन पायांच्या चपट्या स्प्रिंगचा. तिचा एक पाय चापाला रेटतो, दुसरा खिटीला. मोडलेली स्प्रिंग बदलता येते. चाप जड झाला असेल, तर कधी कधी सुकून चिकट झालेले तेल काढणेच पुरते.

अवघड दुखणे वेगळेच. चापाचे टोक आणि घोड्याची खाच जिथे भिडतात, तिथे पोलादाचा वरचा थरच कडक असतो. चाप हलका व्हावा म्हणून कोणी तिथे कानस फिरवली, की तो थर जातो, खाली मऊ धातू उरतो आणि तो भराभर झिजतो. मग नुसत्या धक्क्यानेही घोडा सुटू शकतो.

मुळात या रचनेत धोका होताच. जानेवारी १८७६ मध्ये कॅन्सासमधील विचिटा गावी वायट अर्प हा पोलीस अधिकारी खुर्चीत बसला असता त्याचे रिव्हॉल्व्हर म्यानातून घसरले. काडतुसावर टेकलेला घोडा खुर्चीवर आपटला आणि गोळी त्याच्या कोटातून आरपार गेली. सहा घरांत पाचच काडतुसे भरून घोडा रिकाम्या घरावर ठेवण्याची रीत रुळली, ती अशा अनुभवांतून.

१८७७ मध्ये कोल्टने नवे रिव्हॉल्व्हर आणले. त्यात चाप ओढला, की घोडा ताणणे, सिलिंडर फिरवणे आणि घोडा सोडणे ही तिन्ही कामे होत. सोय वाढली, पण बारीक भाग आणि नाजूक स्प्रिंगा यांमुळे ते दुरुस्तीवाल्यांचे हमखास गिऱ्हाईक बनले. तरीही ते १९०९ पर्यंत बनत राहिले.

चपट्या स्प्रिंगचे दुखणे रुगर कंपनीने १९५३ मध्ये गुंडाळीच्या स्प्रिंगा वापरून संपवले. पडून गोळी सुटण्याचा धोका १९७३ मध्ये मिटला: चाप ओढलेला असेल तरच घोड्याचा आघात काडतुसापर्यंत पोहोचवणारी पट्टी तिने बसवली. पुढे जुन्या रिव्हॉल्व्हरांतही ही सुधारणा ती विनामूल्य करून देऊ लागली आणि काढलेले मूळ भाग मालकाला परत देऊ लागली.

दुरुस्ती आणि इतिहास यांचा झगडा मिटवणारी वाट मला इथेच दिसते. बदललेला भाग जपून ठेवला, तर वस्तू सुरक्षित होते आणि पुरावाही उरतो. कानशीने घासून गेलेली खाच मात्र कोणी परत आणू शकत नाही.