नकाराची हजार रूपे

पुरस्कारांच्या इतिहासातून देणाऱ्यांची संस्कृतीविषयीची कल्पनाही वाचता येते. १९९८ मध्ये शारजाच्या पुढाकाराने स्थापन झालेला युनेस्को-शारजा अरब संस्कृती पुरस्कार आम्हांला या दृष्टीने महत्त्वाचा वाटतो. एक मानकरी अरब देशातला, दुसरा अरबेतर, ही त्याची मूळ रचना.

२००४ मध्ये ट्युनिशियाचे समाजशास्त्रज्ञ अब्देलवहाब बूहदीबा यांच्यासह तो स्पेनचे अरबीचे अभ्यासक हुआन व्हेर्नेत यांना लाभला. युरोपीय ज्ञानावरील अरबांचे ऋण व्हेर्नेत यांनी जुन्या हस्तलिखितांतून शोधून काढले होते.

२०१६ मध्ये निवड झाली ती इजिप्तच्या चित्रकर्त्या व कलेतिहासकार बहिया शेहाब यांची. शतकानुशतकांच्या इस्लामी कलेतून त्यांनी २०१० मध्ये ‘ला’, म्हणजे ‘नाही’, या शब्दाची हजार रूपे गोळा केली. २०११ च्या क्रांतीनंतर त्यांतलीच काही कैरोच्या भिंतींवर उमटली: लष्करी राजवटीला नाही, हिंसेला नाही.

राजसत्तेच्या पुढाकाराने सुरू झालेला सन्मान सत्तेला ‘नाही’ म्हणणाऱ्या हाताला मिळावा, यात विसंगती आहेच. तरीही हस्तलिखितातले अक्षर आणि भिंतीवरचे अक्षर एकाच परंपरेचे आहे, हे या निवडीने मान्य केले, असे आम्ही मानतो. वारसा जपायचा तर तो असा वापरातही राहिला पाहिजे.