गिऱ्हाईकाच्या वेषात

2009 च्या पावसाळ्यात मी पुण्यातल्या एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर इतिहास शिकवत होतो. तासिकांचे पैसे सहा-सहा महिने हाती पडत नसत. अशा वेळी एका ओळखीच्याने मला गिऱ्हाईक होण्याचे काम मिळवून दिले. चपला-बुटांच्या दुकानात जायचे, दोन जोड पायात घालून पाहायचे, नेमून दिलेले प्रश्न विचारायचे, मोजे विकत घ्यायचे आणि घरी येऊन चाळीस प्रश्नांचा तक्ता भरायचा. विक्रेता किती मिनिटांनी जवळ आला? हसला का? पॉलिशची डबी घ्या म्हणाला का? एका फेरीचे तीनशे रुपये, शिवाय मोज्यांचे पैसे परत. सवड असेल तेव्हा जायचे. याला ‘मिस्टरी शॉपिंग’ म्हणतात, हे मला तिसऱ्या फेरीला कळले.

हे नाव 1940 च्या दशकात अमेरिकेत रूढ झाले असे मानतात. काम मात्र त्याहून पुष्कळ जुने. 1855 च्या सुमारास शिकागोत ॲलन पिंकर्टनने खासगी गुप्तहेर संस्था उभारली, तेव्हा तिचे पहिले मोठे गिऱ्हाईक म्हणजे रेल्वे कंपन्या. त्या काळी बरेच प्रवासी गाडीत चढल्यावर कंडक्टरच्या हातात रोख भाडे ठेवत. मालक शेकडो मैल दूर, आणि पैसा कंडक्टरच्या खिशात. पिंकर्टनची माणसे साधे प्रवासी बनून डब्यात बसत, कोणत्या स्थानकावर किती माणसे चढली, कोणी रोख दिले हे ध्यानात ठेवत, आणि ते आकडे कंडक्टरने भरलेल्या हिशेबाशी ताडून पाहिले जात. ऑस्कर कॉल्डवेल नावाचा कंडक्टर याच पद्धतीने पकडला गेला आणि त्याला शिक्षा झाली. 1867 मध्ये तर कंडक्टरांच्या अशा चाचण्यांची एक पुस्तिकाच संस्थेने छापली. रेल्वेचे कामगार या छुप्या प्रवाशांना ‘स्पॉटर’ म्हणत, आणि ती शिवीच होती. जो चोरी करत नव्हता त्यालाही समोरच्या प्रत्येक प्रवाशाचा संशय घेत भाडे मागावे लागे, हे त्यांचे दुखणे मला खोटे वाटत नाही. पुढे याच संस्थेची सशस्त्र माणसे 1892 मध्ये होमस्टेडच्या संपावर चालून गेली. तो इतिहास वेगळा, पण फार दूरचाही नाही.

आपल्याकडे शोधू लागलो तर थेट कौटिल्यापर्यंत जावे लागते. अर्थशास्त्राच्या कंटकशोधन या चौथ्या अधिकरणात हेराने न्यायाधीशाकडे जाऊन सांगायचे असते, की अमुक माणूस माझा नातलग आहे, त्याच्यावर बालंट आले आहे, हे पैसे घ्या आणि त्याला सोडवा. न्यायाधीशाने पैसे घेतले तर त्याला देशाबाहेर घालवायचे. कंडक्टरच्या समोर बसलेला माणूस निदान खरे भाडे तरी देत होता. इथे मोह मुद्दाम पुढे ठेवला आहे. निरीक्षण आणि सापळा यांतला हा फरक आमच्या चाळीस प्रश्नांतही पुसट होता.

पण गिऱ्हाईकाचा वेष नेहमी मालकासाठीच चढवला गेला असे नाही. अमेरिकेत घर भाड्याने देताना काळ्या लोकांना टाळतात हे सिद्ध करण्यासाठी जोडीजोडीने माणसे पाठवली जात, एक गोरा, एक काळा. 1978 मध्ये व्हर्जिनियात एका काळ्या स्त्रीला जागा नाही असे सांगण्यात आले; तिच्या गोऱ्या जोडीदाराला जागा आहे असे सांगितले. तिला घर नकोच होते, मग तिचे नुकसान काय झाले? 1982 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, की खरी माहिती मिळण्याचा हक्क कायद्याने तिला दिला आहे, आणि तो हिरावला गेला. त्या गोऱ्या जोडीदाराला खरेच सांगितले गेले होते, म्हणून केवळ चाचणी करणारा या नात्याने त्याला दावा लावता येत नव्हता. हा निकाल मी दोनदा वाचला.

महाराष्ट्राने गर्भलिंगनिदानावर 1988 मध्ये, देशाच्या आधी, कायदा केला. तो कागदावर राहू नये म्हणून साताऱ्याच्या ॲड. वर्षा देशपांडे यांच्या लेक लाडकी अभियानाने गर्भवती स्त्रियांना गिऱ्हाईक बनवून सोनोग्राफी केंद्रांत नेले. या कामात वेष असा नव्हताच. पोट खरे होते. 2014-15 मध्ये मुंबईत आणि पाटण्यात चोवीस सामान्य माणसांना क्षयाचे रुग्ण म्हणून वागायला शिकवून खासगी डॉक्टरांकडे पाठवले. अपेक्षित उपचार जेमतेम एक तृतीयांश भेटींत झाले. इंजेक्शन पुढे आले की ते कसे टाळायचे, हाही त्यांच्या शिकवणीचा भाग होता.

सप्टेंबरात एका दुकानात भर दुपारी मी गेलो. बाकीचे जेवायला गेलेले, गल्ल्यावर आणि आत मिळून एकच पोरगा. तो माझ्याकडे अकरा मिनिटांनी आला. हसला नाही. मी तक्त्यात अकरा लिहिले, आणि ‘हसला का’ पुढे ‘नाही’. एकटा होता हे लिहायला रकाना नव्हता. पुढच्या महिन्यात गेलो तेव्हा तो दिसला नाही, विचारले, तर दुसरा म्हणाला, “काढलं त्याला.” माझ्यामुळेच की आणखी कशामुळे, ते विचारायची सोय नव्हती, कारण मी तर मोजे घ्यायला आलो होतो.

त्यानंतरही मी दोन फेऱ्या केल्या. डिसेंबरात तासिकांचे पैसे आले, तेव्हा काम सोडले.