तळटीप : मॉर्मन प्रचारक आणि त्यांचे प्रशिक्षण

मॉर्मन पंथाची स्थापना १८३० साली अमेरिकेत जोसेफ स्मिथ याने केली. या पंथाचा स्कॉटिश प्रचारक ह्यू फिंडले १८५२ साली मुंबईत उतरला आणि पुढे पुण्यात गेला. त्या वेळी प्रचारकांसाठी प्रशिक्षणाची सोय नव्हती. हाती धर्मग्रंथ आणि मनात विश्वास, एवढ्यावरच माणूस परमुलखात निघे. फिंडलेला लष्करी अधिकाऱ्यांचा विरोध झाला, अनुयायी मोजकेच मिळाले. पुढे ही मोहीम आटोपली.

आजचा तरुण प्रचारक आधी प्रशिक्षण केंद्रात जातो. त्यांतले सर्वांत मोठे केंद्र यूटा राज्यातील प्रोव्हो येथे आहे. तेथे काही आठवडे भाषा, ग्रंथवाचन, प्रार्थना आणि शिकवण्याचा सराव चालतो. नवी भाषा शिकायची असल्यास मुक्काम वाढतो. प्रत्येकाला जोडीदार नेमून दिलेला असतो, सहसा एकटे राहता येत नाही. घरच्यांशी दर आठवड्याला फोनवर बोलण्याची मुभा २०१९ पासून मिळाली. पाठांतरापेक्षा अवघड भाग ‘साक्ष’ देण्याचा : आपण काय मानतो आणि का, हे अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलाला स्वतःच्या शब्दांत सांगावे लागते. अनेकांचा घरातून आलेला विश्वास येथेच प्रथम कसाला लागतो. त्यानंतर मुलांची सेवा साधारण दोन वर्षे, तर मुलींची दीड वर्ष चालते.