संगणकीकृत वृत्तपत्रे आणि स्थानिक इतिहासाचे संशोधन : अहमदनगर जिल्ह्याच्या संदर्भात

प्रस्तावना

आधुनिक महाराष्ट्राच्या सामाजिक इतिहासाचे वृत्तपत्रे हे एक प्रमुख समकालीन साधन आहे. या दृष्टीने अहमदनगर (२०२४ पासून अहिल्यानगर) जिल्हा विशेष महत्त्वाचा ठरतो. अमेरिकन मराठी मिशनचे 'ज्ञानोदय' १८४२ मध्ये अहमदनगर येथे सुरू झाले व काही वर्षांनी मुंबईस गेले. मुकुंदराव पाटील यांनी १९१० मध्ये सुरू केलेले 'दीनमित्र' हे सत्यशोधक साप्ताहिक नेवासे तालुक्यातील तरवडी या खेड्यातून दीर्घकाळ निघत राहिले. एशियाटिक सोसायटी ऑफ मुंबईच्या 'ग्रंथ संजीवनी'सारख्या उपक्रमांमुळे आज अनेक दुर्मिळ साधने संगणकावर पाहता येतात. ही सोय अभ्यासपद्धतीवर कोणता परिणाम करते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

शब्दशोधाच्या मर्यादा

संगणकीय शोध अक्षरांशी अक्षरे जुळवतो. अर्थ जाणत नाही. जुन्या छपाईतील पुसट खिळे व जोडाक्षरे यंत्राला नीट ओळखता येत नाहीत. त्यात लेखनपद्धतीही बदलली आहे. १९६२ च्या शुद्धलेखन नियमांनी अनुच्चारित अनुस्वार वगळले. त्यापूर्वीच्या अंकांत 'गांव', 'नांव', 'केलें' अशी रूपे आहेत. 'गाव' शोधणाऱ्यास 'गांव' सापडेलच असे नाही. 'अहिल्यानगर' या नावाने जुन्या अंकांत जिल्हा शोधणे तर व्यर्थच होय.

संज्ञांचा प्रश्न याहून गंभीर आहे. जोतीराव फुले यांच्या शाळेतील विद्यार्थिनी मुक्ता साळवे हिचा निबंध 'ज्ञानोदय'च्या १५ फेब्रुवारी व १ मार्च १८५५ च्या अंकांत प्रसिद्ध झाला. मांग-महारांच्या दुःखाविषयीचा हा निबंध 'दलित' या आजच्या रूढ संज्ञेने शोधल्यास हाती लागणे कठीण. तो हाती लागला नाही म्हणून त्या काळी असे लेखन झालेच नाही, असा निष्कर्ष काढणे ही त्या मुलीचा आवाज दुसऱ्यांदा दडपण्यासारखी चूक ठरेल.

सलग वाचनाची आवश्यकता

हाच निबंध दोन अंकांत विभागलेला आहे, ही बाबही बोधप्रद आहे. केवळ शोधात आलेले पान वाचणाऱ्याच्या हाती अर्धाच मजकूर पडू शकतो. वृत्तपत्रातील वाद, वाचकांची पत्रे व खुलासे अनेकदा पुढील अंकांत येतात. जाहिराती आणि बाजारभावही बातमीचा संदर्भ स्पष्ट करतात. म्हणून अंकामागून अंक चाळणे ही कालबाह्य सवय नसून साधनचिकित्सेचाच भाग होय.

सुलभ साधनाचा मोह

ब्रिटिश सरकारने देशी वृत्तपत्रांतील मजकुराचे इंग्रजी सारांश नियमितपणे तयार करवून घेतले. इंग्रजीतील असल्याने ते संगणकावर शोधण्यास तुलनेने सोपे जातात. मात्र राज्यकर्त्यांना जे दखलपात्र वाटले तेच त्यांत आले. सावकारी, पाणवठा किंवा शिक्षण यांविषयी खेड्यातील संपादकाने कोणत्या भाषेत लिहिले, हे मूळ अंकाशिवाय कळत नाही. केवळ सारांशांवर विसंबणारा अभ्यासक नकळत सरकारी अधिकाऱ्याच्या नजरेने मराठी समाजाकडे पाहू लागतो.

निष्कर्ष

संगणकीकरणामुळे साधन जवळ आले. त्याचे वाचन मात्र अभ्यासकालाच करावे लागते. संशोधकाने शोधलेले शब्द, त्यांची पर्यायी रूपे, पाहिलेले अंक आणि न मिळालेले अंक यांची नोंद ठेवावी. 'उल्लेख आढळत नाही' असे विधान उपलब्ध अंक प्रत्यक्ष पाहिल्यावरच करावे. जिल्ह्यातील महाविद्यालयांच्या इतिहास व मराठी विभागांनी पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या साहाय्याने 'ज्ञानोदय' आणि 'दीनमित्र' यांच्या उपलब्ध अंकांची तारीखवार विषयसूची तयार केल्यास, यंत्राच्या शोधातून निसटणारी सामान्य माणसे स्थानिक इतिहासात आपले स्थान मिळवू शकतील.