भूमिकाखेळांतील संवाद व पात्राची स्मृती

भूमिकाखेळांतील संवाद व पात्राची स्मृती : संगणकावरील भूमिकाखेळांत खेळाडू ज्या पात्राच्या रूपाने वावरतो, त्या पात्राला काय ठाऊक आहे, काय आठवते आणि ते त्याच्या बोलण्यातून कसे प्रकट व्हावे, यासंबंधीचे रचनातंत्र. अशा खेळात ज्ञानाची तीन स्थाने असतात : पडद्याबाहेरचा खेळाडू, पडद्यावरील पात्र आणि दोहोंची नोंद ठेवणारे यंत्र. या तिन्हींचे ज्ञान क्वचितच जुळते. ज्या नगरीत पात्राचा जन्म गेला, तिचे नावही खेळाडूने ऐकलेले नसते; उलट तोच खेळ दुसऱ्यांदा खेळणाऱ्यास पात्राला अज्ञात असलेले सर्व रहस्य आधीच माहीत असते. ही तफावत मिटविण्याचे वा तिचाच कलात्मक उपयोग करून घेण्याचे प्रयत्न, हाच या तंत्राचा इतिहास होय.

या प्रश्नाचे मूळ संगणकपूर्व बैठ्या खेळांत आहे. गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ १९७४ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झाला. त्यात खेळाचे सूत्र एका माणसाच्या हाती असते. खेळाडू पात्राच्या आवाक्याबाहेरचे ज्ञान वापरू लागल्यास सूत्रधार त्याला तेथेच अडवू शकतो. संगणकाला हा विवेक नसतो; कोणते वाक्य केव्हा बोलता यावे, हे लेखकास आधीच ठरवून ठेवावे लागते.

आरंभीच्या संगणक-खेळांनी स्मृतीचा सर्व भार खेळाडूवर टाकला. रिचर्ड गॅरियट यांच्या ‘अल्टिमा ४’ (१९८५) या खेळात भेटणाऱ्या व्यक्तीला प्रश्न विचारण्यासाठी नाव, व्यवसाय, प्रकृती यांसारखे शब्द कळफलकावर टंकित करावे लागत. मिळालेल्या उत्तरातील महत्त्वाचा शब्द हेरून पुढचा प्रश्न करायचा, असा हा क्रम असे. विविध सद्गुणांचे मंत्रही अशाच चौकशीतून कळत व ते खेळाडूला वहीत टिपून ठेवावे लागत. मंत्र पात्राने खरोखर ऐकला आहे काय, याची शहानिशा यंत्र करीत नसे. मित्राकडून तो कळला असला तरी चालत असे. ‘वेस्टलँड’ (१९८८) या खेळासोबत कथेतील परिच्छेदांची छापील पुस्तिका दिलेली होती. पुढचे आधीच वाचणाऱ्यांची दिशाभूल व्हावी, म्हणून तिच्यात काही खोटे परिच्छेदही घातलेले होते. यंत्राला न साधणारी राखण येथे कागदाने केली.

‘अल्टिमा ६’ (१९९०) मध्ये संभाषणातील महत्त्वाचे शब्द वेगळ्या रंगात दाखविण्याची सोय झाली, तर ‘अल्टिमा ७’ (१९९२) मध्ये निवडीसाठी शब्दांची यादीच पडद्यावर आली. ‘मॉरोविंड’ (२००२) मध्ये ऐकलेले विषय आपोआप यादीत जमा होत व घटनांची रोजनिशी यंत्रच लिहीत असे. यांमुळे स्मृतीची मालकी खेळाडूकडून पात्राकडे गेली. टिपणे काढण्याचा त्रास वाचला. मात्र ऐकलेल्या गोष्टीतून स्वतः धागा शोधण्याचा आनंदही कमी झाला.

यामागील यंत्रणा साधी आहे. संवादाची रचना शाखा फुटणाऱ्या वृक्षासारखी असते व प्रत्येक शाखेला अटी जोडलेल्या असतात. एखादी घटना घडली वा माहिती मिळाली, की यंत्र तशी खूण नोंदविते. ती खूण असेल तरच विवक्षित वाक्य निवडीसाठी पुढे येते. तथापि, लेखकाने न कल्पिलेल्या मार्गाने खेळाडूने सत्य हेरले, तर त्याला ते ठाऊक असूनही पात्र मुके राहते. उलट खूण नोंदविण्याचे राहून गेल्यास पात्र पाहिलेल्याच गोष्टीविषयी पुन्हा अज्ञानाने विचारते.

पात्राचे गुणमापन हाही ज्ञानाचा निकष ठरला. ‘फॉलआउट’ (१९९७) मध्ये अत्यल्प बुद्धिमत्तेचे पात्र तुटक, असंबद्ध उद्गारांपलीकडे फारसे बोलू शकत नाही. खेळाडूचे चातुर्य तेथे निरुपयोगी ठरते.

खेळाडू व पात्र यांना एकाच पातळीवर आणण्याचा सर्वांत प्रचलित उपाय म्हणजे स्मृतिभ्रंश. पात्रालाच काही आठवत नसेल, तर त्याचे प्राथमिक प्रश्न स्वाभाविक ठरतात. हा उपाय पुष्कळदा निव्वळ सोय म्हणून वापरला गेला. परंतु ‘प्लेनस्केप : टॉरमेंट’ (१९९९) या खेळाने त्याला कथेचा गाभा बनविले. त्याचा निनावी, अमर नायक शवागारात जागा होतो. पूर्वजन्मांतील त्याची कृत्ये संवादांतून उलगडत जातात आणि त्याचे शहाणपण जितके अधिक, तितक्या अधिक आठवणी जाग्या होतात. काही ठिकाणी एकच वाक्य ‘सत्य’ व ‘असत्य’ अशा दोन रूपांत निवडीसाठी येते. त्यामुळे उच्चारलेल्या शब्दांबरोबर बोलणाऱ्याचा हेतूही नोंदला जातो. ‘नाइट्स ऑफ द ओल्ड रिपब्लिक’ (२००३) मध्ये नायकाची खरी ओळख त्याच्याइतकीच खेळाडूपासूनही लपविलेली आहे. त्याचा उत्तरभाग (२००४) याच्या उलट आहे : तेथे पात्राला आपला भूतकाळ ठाऊक असतो, खेळाडूला नसतो; प्रश्नांना उत्तरे देता देता खेळाडू तो भूतकाळ अंशतः ठरवितो.

‘मास इफेक्ट’ (२००७) मध्ये निवडीसाठी केवळ वाक्याचा संक्षेप दिसतो व पात्र त्याहून विस्ताराने बोलते. त्यामुळे आपण निवडलेले व पात्राने उच्चारलेले यांत अनपेक्षित अंतर पडू शकते. ‘टिरनी’ (२०१६) मध्ये संवादातील विशिष्ट शब्दांवर दर्शक नेताच त्यांचे स्पष्टीकरण दिसते. पात्राला अज्ञानाचे सोंग न आणता खेळाडूला माहिती मिळते. ‘डिस्को एलिझियम’ (२०१९) या एस्टोनियात उगम पावलेल्या खेळात स्मृती गमावलेल्या गुप्तहेराची चोवीस कौशल्ये त्याच्याशीच बोलतात. त्यांतील ‘विश्वकोश’ नावाचे कौशल्य अचूक, पण अनेकदा प्रसंगाला निरुपयोगी माहिती पुरविते. आपण कोण, हे न आठवणाऱ्या माणसाला जगाविषयीची फुटकळ माहिती मात्र आठवावी, या विसंगतीतून विनोद व करुणा दोन्ही निर्माण होतात.

या इतिहासात सोयीबरोबर जबाबदारीचाही प्रश्न गुंतलेला आहे. पात्राने न आठवणाऱ्या अपराधाचे प्रायश्चित्त घ्यावे काय, हा प्रश्न कादंबरीचा वाचक तटस्थपणे वाचू शकतो. येथे मात्र उत्तराचे वाक्य खेळाडूलाच निवडावे लागते. स्मृती कोणाची, याचा निर्णय म्हणूनच केवळ तांत्रिक राहत नाही. त्या वाक्याचे उत्तरदायित्व कोणाकडे जाते, हेही त्यानेच ठरते.