सासवाचं जपानी भावंड

आंब्याच्या सासवात आपण मोहरी वाटून घालतो, पण गोव्यात मोहरीचा पाला सहसा कोणी खात नाही. जपानमध्ये 'ताकाना' म्हणजे रुंद पानांची मोहरी. ती मिठात मुरवून खातात. दोन्हींचे शास्त्रीय नाव एकच, ब्रासिका जुन्सिया. काळी मोहरी (८ गुणसूत्रांचा संच) आणि सलगमाची जात (१०) यांच्या संकरातून १८ ची ही मोहरी झाली, हे १९३५ साली जपानमध्ये नागाहारु ऊ यांनी मांडले. त्यांचे वडील कोरियन होते. पुढे १९५० मध्ये ते कोरियात गेले.

माणसांची ये-जा तर जुनीच. सेंट झेवियर १५४९ मध्ये गोव्याहून जपानला गेले. डचांनी १६१६ मध्ये सुरतेत वखार घातली आणि गुजराती छापील कापड त्यांच्या जहाजांतून जपानला जाऊ लागले. तिथे त्याला 'सारासा' म्हणतात.

आज त्याच सुरतेत, उधना-लिंबायतकडे खानदेशातून आलेली असंख्य मराठी कुटुंबे राहतात. तिथल्या गच्चीवर ताकाना सहज होईल. दिवाळीनंतर कुंडीत बी अर्धा सेंटिमीटर खोल पेरावे. चार-पाच दिवसांत उगवते. दाटी विरळ करावी, उपटलेली रोपे भाजीत टाकावीत. (मुळ्याचा पाला फेकणाऱ्यांना हे सांगून उपयोग नाही!) महिना-सव्वा महिन्याने बाहेरची पाने खुडावीत. फेब्रुवारीत ऊन तापले की तुरा येतो आणि पाने तिखट होतात. एक-दोन झाडे तशीच ठेवावीत. शेंगा वाळल्या की फोडणीला मोहरी घरचीच.